शेऱ्यातला ‘ब.’

पुराभिलेखागारातल्या शिपायांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना दप्तरबाई म्हणत. लोकांसाठी जुनी सरकारी कागदपत्रं धुंडाळायची, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा व्यवसाय. धूळ खाऊन खाऊन आवाज घोगरा झालेला, पण अहवालात ‘कदाचित’ लिहायचं म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठी. लिहायचं तर छातीठोक, नाहीतर लिहूच नये! ही खोड एकदा चांगलीच अंगाशी आली.

ऐंशीच्या घरातल्या एका निवृत्त शिक्षिकेला आपल्या वडिलांची माहिती हवी होती. वडील पाटबंधारे कचेरीत कारकून. मुलीच्या ऐन शाळेच्या दिवसांत त्यांनी बिऱ्हाड हलवून दुसरं गाव गाठलं, आणि का ते कधीच सांगितलं नाही. शेजारीपाजारी काहीबाही कुजबुजत. दप्तरबाईंना कर्मचाऱ्यांचं रजिस्टर सापडलं. वडिलांच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, एकच अक्षर होतं: ‘ब.’ बाईंनी अहवालात ठोकून दिलं, बडतर्फ.

फोनवर आजी एवढंच म्हणाल्या, ‘‘म्हणजे लोक बोलत होते ते खरंच होतं तर.’’

ते ‘तर’ बाईंच्या डोक्यातून जाईना. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. आपण घाई तर नाही ना केली? पाचव्या दिवशी त्यांनी तेच रजिस्टर पुन्हा मागवलं आणि पुढची पानं उलटली. एका पानावर अकरा नावं, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत. सगळ्यांपुढे ‘ब.’, तारीखही एकच.

मागून डोकावणारा शिपाई हसला. ‘‘अख्खं ऑफिस बडतर्फ? मग कुलूप कोणी लावलं, बाई?’’

बाईंनी भराभर पानं चाळली. ज्यांना खरंच काढलं होतं, त्यांच्यापुढे लाल शाईनं ‘कमी केले’ असं पूर्ण लिहिलेलं. म्हणजे ‘ब.’ बदलीचा, आणि त्या अकरा जणांची कचेरीच हलवलेली असणार! पण आता अंदाजावर काम नको होतं. त्यांनी त्या दुसऱ्या गावच्या कचेरीचं हजेरीपुस्तक काढायला लावलं. शेऱ्याच्या तारखेनंतर पुढच्याच महिन्याच्या एक तारखेला वडिलांची लफ्फेदार सही. शांतता राखण्याची पाटी डोक्यावर असताना बाई मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘सुटले गं बाई!’’

संध्याकाळी त्या नक्कल घेऊन आजींच्या दारात उभ्या राहिल्या. ‘‘चूक माझी आहे. बदली झाली होती त्यांची. चार दिवस मी एका सरळ माणसाला दोषी ठरवलं. माफ करा.’’

आजींनी चष्मा लावून सहीवरून बोट फिरवलं.

‘‘तुम्ही चार दिवस ठरवलंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी सत्तर वर्षं. एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं हो त्यांनी.’’

मग डोळे पुसत त्या चक्क हसल्या आणि कागद बाईंच्या हातात परत दिला.

‘‘पुन्हा सांगा. काय झाली होती?’’

‘‘बदली, आजी.’’

‘‘अजून एकदा.’’