बांधवाले सर

आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना कुठलीही गोष्ट रानात नेल्याशिवाय सांगताच येत नसे. हार्ड डिस्क म्हणजे रान, पार्टिशन म्हणजे बांध. पोरांनी त्यांचं नावच बांधवाले सर पाडलं होतं. सर वेल्ह्याकडच्या एका धनगरवाड्यातले, कामथडीजवळच्या आमच्या शाळेत कंत्राटावर लागलेले. मी तिथला क्लार्क, कायम नोकरीतला.

लॅबमधली सगळी यंत्रं बंद. चालू एकच, माझ्या टेबलावरचं. सर रोज माझ्या मागं लागत. "भाऊसाहेब, तुमची विंडोज हाय तशी ऱ्हाऊ द्या. मधी बांध घालू आन् पल्याड पोरांसाठी लिनक्स टाकू. फुकट हाय, मराठीत हाय. तुमी उठला की पोरं बसतील." मुख्याध्यापक नुसते "बघू, बघू" म्हणायचे. सर हेका सोडीनात. शेवटी 'जबाबदारी माझी' असं त्यांच्याकडून लेखी घेऊन साहेबांनी परवानगी दिली.

भोरहून येणारा रिपेअरवाला दर वेळी सी ड्राइव्ह साफ करून जाई, म्हणून महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवायची आमची रीत. सरांनी नेमकी डीचीच जागा लिनक्सला द्यायची ठरवली आणि माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. "डीतलं समदं ह्यात घ्या. एकदा नांगर फिरला की हाती काय लागत न्हाई."

मी पडद्यावरची फोल्डरची चित्रं उचलली नि पेनड्राइव्हमध्ये टाकली. निकाल, दाखले, सगळी नावं दिसली. दोन मिनिटांत काम! माझं मलाच कौतुक वाटलं.

"उघडून बघितलं का?" सरांनी विचारलं.

"बघितलं हो," मी म्हणालो. कसलं बघितलं!

लिनक्स झकास सुरू झालं. पोरं आपापली नावं मराठीत टाइप करून नाचली. दुसऱ्या दिवशी मी दहावीचे गुण काढायला बसलो, तर पेनड्राइव्हमधलं एकही फोल्डर उघडेना. मी उचलले होते ते नुसते शॉर्टकट, दारावरच्या पाट्या. घरं डीमध्येच होती, आणि डी पुसली गेली होती.

सरांनी पेनड्राइव्ह लावला. चित्रांच्या कोपऱ्यातले शॉर्टकटचे बाण त्यांना लगेच दिसले. ते हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची नोकरीची दोनच वर्सं ऱ्हायल्यात. लिहून म्या दिलंय, जायचा तो मीच. दोघं कशाला?"

मी गप्प बसलो. संस्थेच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "मेंढरं वळायची सोडून हे कशाला आले इकडं?" तेव्हाही गप्प. इतिवृत्त लिहायचं काम माझं. 'सरांच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द माझ्याच अक्षरात आहेत. लाज वाटते सांगायला, अक्षर छान आलंय. सरांचं कंत्राट संपलं, पुन्हा झालं नाही.

परवा पेन्शनच्या कामाला भोरला गेलो, तर स्टँडवर सर भेटले. आता दुधाचा टेम्पो चालवतात. वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरं बसत्यात का वो लिनक्सवर?" त्यांनी विचारलं.

सर गेले त्याच आठवड्यात साहेबांनी ते काढून टाकलं होतं आणि पोरांना ऑफिसात यायचीच बंदी केली होती.

"बसतात की," मी म्हणालो.

"मग लई झालं!" सरांचा चेहरा असा खुलला म्हणता. मला ओढतच टपरीवर नेलं, चहा पाजला. आणि मी तो प्यालो.