कोबिलोनं वाचलेली सातची बातमी

केनियातल्या बारिंगोच्या त्या कोरड्या मुलखात कोबिलोचा चेहरा ओळखणारे थोडे, पण आवाज शेळ्यासुद्धा ओळखतात असं लोक म्हणायचे. एकोणीस वर्षं ती तुगेन भाषेतल्या त्या छोट्याशा रेडिओवर बातम्या वाचत होती. कुणाची गाय हरवली, कुणाच्या मयताला कधी जमायचं, बाजार कुठल्या वारी भरणार, सगळं तिच्या तोंडून डोंगरात पोचायचं. थोरली चेबेत आणि धाकटी, अशा दोन मुलींना वाढवून नवऱ्यामागे एकटीनं संसार ओढलेली बाई. बोलणं मोजकं, आवाज खर्जातला. तिनं सांगितलं म्हणजे झालं, अशी लोकांची समजूत.

सापाच्या बातम्या तिथं नेहमीच्याच. पण रेडिओचा प्रमुख किपकुलेई याला साप हवा तो मांबाच, पुरुषभर लांब आणि नावानंच धडकी भरवणारा. कुणाला फुरसं चावून माणूस गेला की तो कागदावर ‘फुरसं’ खोडायचा आणि ‘मांबा’ लिहायचा.

“अगं, वीतभर फुरशाची बातमी कोण ऐकतंय? मांबा म्हटलं की माणूस हातातलं काम सोडतो,” तो हसून म्हणायचा.

कोबिलो पहिली काही वर्षं वाद घालायची. मग तिनं सोडून दिलं. वाचायची.

त्या गुरुवारी सकाळी जिल्ह्याच्या कचेरीतून तिच्या फोनवर बातमी आली, सोबत फोटो. वर डोंगरातल्या कापतिरीनच्या दवाखान्यात सर्पविषावरचं औषध दाखल. फोटोत एक बडा अधिकारी पांढरा डबा नर्स चेसिरेच्या हातात देत होता. चेसिरे तिच्या चांगल्या ओळखीचा, त्याचा नंबर तिच्याकडे होता. एक फोन करावा, असं तिच्या मनात आलंही. पण सात वाजायला तीन मिनिटं होती आणि चहा थंड होत होता. तिनं बातमी वाचली. वर स्वतःच्या मनानं एक वाक्य जोडलं, “डोंगरातल्या लोकांनो, आता खाली मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जायला नको.”

दुपारी एकच्या सुमारास ती निरोप वाचत असताना फोन थरथरला. गाणं लावून तिनं उचलला.

“चेबेतच्या आई, अहो, हे काय सांगितलंत सकाळी?” चेसिरेचा आवाज फाटला होता. “इथं एक बाई आणलीय. टार्गोक नाव. गोठ्याच्या कुंपणाला दगड उचलत होती, बोटाला फुरसं चावलं. हात कोपरापर्यंत सुजलाय, हिरड्यांतून रक्त यायला लागलंय. माझ्याकडे औषध नाही.”

“नाही कसं? तुझ्या हातात डबा होता ना? फोटो पाहिला मी!”

“फोटोपुरताच होता! फोटो झाला आणि डबा परत गाडीत गेला. पुढच्या गावात पण त्यांना फोटो काढायचा होता. माझ्या फ्रिजात मुलांच्या लसी आहेत आणि माझी पाण्याची बाटली आहे. बास.”

तेवढ्यात तिकडे कुणीतरी फोन हिसकावून घेतला.

“तूच ना ती? कोबिलो?” तो टार्गोकचा नवरा होता, केंडागोर. धाप लागली होती. “आमच्या घरापासून खाली डांबरी रस्ता तासाभरावर. तिथं गाडी मिळाली असती, आत्तापर्यंत मोठ्या हॉस्पिटलात असतो. तुझं ऐकून उलटा डोंगर चढलो. बायकोला पाठीवर घेऊन अडीच तास! आता काय करू, सांग की! सकाळी सांगत होतीस तसं सांग!”

फोन पुन्हा चेसिरेकडे गेला. “मोटरसायकल आहे इथं, पण तिला भोवळ येतेय, मागे बसवली तर पडेल. चारचाकी पाहिजे. आणि लवकर पाहिजे.”

गाणं अजून संपलं नव्हतं. कोबिलोनं ते मध्येच तोडलं.

किपकुलेई शेजारच्या खोलीतून धावत आला. तिनं काय करायचं ठरवलंय ते दोन वाक्यांत ऐकून त्यानं दारच अडवलं. “गाडी माग, जरूर माग. पण बातमी चुकली म्हणू नकोस. कचेरीची माणसं उद्या इथं टाळं लावतील.”

“मग ते सगळे कापतिरीनलाच जात राहतील,” ती म्हणाली. “आज टार्गोक, उद्या दुसरी कुणी. बाजूला हो.”

तो बाजूला झाला नाही, पण तिला उठायचंही नव्हतं. माइक तिच्या समोरच होता. तिनं कळ दाबली.

“मी कोबिलो. सकाळी सातला मी सांगितलं की कापतिरीनला सापावरचं औषध आलंय. ते खोटं होतं. मी चौकशी न करता वाचलं. कापतिरीनला औषध नाही. साप चावलेल्या कुणालाही तिकडे नेऊ नका, खाली न्या. आणि आत्ता तिथं एक बाई आहे, तिच्या हातात वेळ थोडा आहे. कापतिरीनच्या आसपास कुणाकडे चारचाकी असेल तर असाल तिथून निघा. निघालात की मला फोन करा.”

चार मिनिटं काहीच नाही. मग एका कलिंगडवाल्याचा फोन आला. “मी नोसुकुरच्या चढावर आहे. माल रस्त्याकडेला उतरवतो आणि जातो. कलिंगडं कुणी उचलली तर नावानिशी रेडिओवर सांगा.” तिनं ते तसंच्या तसं सांगितलं.

वीस मिनिटांनी चेसिरेनं कळवलं, बाई गाडीत चढवली, नवरा सोबत आहे. आता थुंकीतही रक्त आहे.

यापुढचा रस्ता म्हणजे फोनला रेंज नाही असा. कोबिलोला गाणी लावता येईनात, गप्प बसवेना. ती वाटेवरच्या वस्त्यांची नावं घेत राहिली. “किप्सोइत, कलिंगडवाल्याची हिरवी गाडी दिसली का? शेळ्या रस्त्यावरून काढा.” आणि उंचावर जिथं कुठं रेंज मिळत होती तिथून लोक फोन करू लागले. एका म्हातारीनं सांगितलं, “पोरी, आत्ता माझ्या दारावरून गेली. बाई मान टाकून बसलीय गं.” मग दहा मिनिटं काही नाही. मग एका गुराख्याचा फोन, नदीच्या पात्रात मागचं चाक वाळूत रुतलंय.

“पात्रात वाळू भरणारे कोण आहेत?” कोबिलो जवळजवळ ओरडलीच. “फावडी टाका आणि पळा!”

हे चालू असतानाच तिनं दुसऱ्या फोनवरून मोठं हॉस्पिटल गाठलं. या खेपेला विचारल्याशिवाय ती एक शब्द बोलणार नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाजात घाई.

“हो, औषध आहे, काढूनच ठेवतेय. मांबाचा पेशंट ना?”

“मांबा? कोण म्हणालं?”

“इंटरनेटवर तुमच्याच रेडिओच्या पानावर लिहिलंय. ‘मांबाच्या विळख्यातून बाईला वाचवण्यासाठी धावपळ.’ मांबाचा फोटोही आहे.”

कोबिलोनं वळून पाहिलं. किपकुलेई हातातल्या फोनवर काहीतरी लिहीत होता.

“बाई, फुरसं आहे ते! फुरसं! हिरड्यांतून रक्त येतंय. चेसिरेनं स्वतः सांगितलंय, त्याच्याशी बोला हवं तर.”

“बरं झालं सांगितलंत. फुरशाचं औषध वेगळं असतं आमच्याकडे. मी रक्त तपासेनच, पण तेही काढून ठेवते. नाहीतर ऐन वेळी शोधाशोध झाली असती.”

फोन ठेवून कोबिलो किपकुलेईला एवढंच म्हणाली, “पुसून टाक ते.” तिचा आवाज चढला नव्हता. त्यानं पुसलं.

वाळूवाल्यांनी गाडी खांद्यावर घेतल्यासारखी उचलून काढली. पावणेचारला टार्गोक हॉस्पिटलात पोचली. कोबिलोनं ते हवेवर सांगितलं आणि तिथंच खुर्चीत बसून राहिली.

टार्गोक जगली. तीन आठवडे हॉस्पिटलात काढले, आणि उजव्या हाताची तर्जनी गेली. वेळेवर आली असती तर बोट वाचलं असतं का, असं कोबिलोनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. “कदाचित,” त्या म्हणाल्या. बाई खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कोबिलोला वाटलं.

मग नैरोबीहून टीव्हीवाले आले. दोन गाड्या, तीन कॅमेरे. कोबिलोनं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, न केलेला फोन, डब्याचा फोटो, तिनं पदरचं जोडलेलं वाक्य. रात्रीच्या बातम्यांत दिसलं ते असं: आवाजाच्या जोरावर मांबाला हरवणारी बाई. डब्याचं नाव नाही. टार्गोकचं नावही चुकलं होतं. शेजारणी अभिनंदन करायला आल्या, तेव्हा ती चुलीपुढून उठलीच नाही.

महिन्याभरानं केंडागोर रेडिओवर आला. उंबऱ्यातच उभा राहिला. ती म्हणाली, “ये, बस. चहा घे.”

“चहाला नाही आलो. त्या दिवशी गाडी मिळवलीस, ते विसरलो नाही. पण तिला आता दूध काढता येत नाही नीट. धार निसटते. पोरं हसतात, मग ती पण हसते.” तो थांबला. “मी एवढंच विचारायला आलो. आम्ही आता तुझं ऐकायचं, की नाही?”

“ऐका,” कोबिलो म्हणाली. “पण मी कुणाला विचारून सांगतेय, ते मी नाही सांगितलं तर नका ऐकू.”

त्यानं मान डोलावली की नाही, तिला कळलं नाही. तो गेला.

तेव्हापासून ती पावणेसहाला येते. सहा दवाखान्यांना आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन करते, फ्रिज उघडून बघायला लावते, बाटल्या मोजायला लावते. चेसिरे कुरकुरतो, “चेबेतच्या आई, पारोशा तोंडानं फ्रिज उघडायला लावता रोज!” कचेरीतून दोनदा धमकीवजा फोन येऊन गेले. किपकुलेईनं ते स्वतः घेतले आणि तिला काही सांगितलं नाही. मांबा मात्र अजून त्याच्या पेनातून सुटलेला नाही, ती रोज खोडते.

सातला बातम्या सुरू होतात त्या आकड्यांनी. मोठ्या हॉस्पिटलात फुरशाच्या चार, इतर सापांच्या सात. कापतिरीनला एकही नाही. आणि एखाद्या सकाळी डोंगरात रेंज नसली की ती तेवढ्याच सावकाश सांगते, “किप्सोइतला फोन लागला नाही. तिथं औषध आहे की नाही, मला माहीत नाही.”