हौदातले साहेब

पत्रक आधी छापलं, मग मी निघाले. हा क्रम उलटा होता हे आता कळतंय. त्या सकाळी पुण्याहून बीडच्या एसटीत बसताना मात्र मला तो मोठा बाणेदार वाटला होता. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा, पत्रकावर ठळक मथळा : ‘तलावात विष कोणी कालवलं?’ त्याखाली पोट वर करून तरंगणाऱ्या माशांचा फोटो. तो आमच्या पर्यावरणवाल्या गटाकडे कुणीतरी मोबाईलवर पाठवला होता. बालाघाटच्या डोंगरात, केजच्या अलीकडे, सीताफळाचा गर काढणारा कारखाना आहे आणि त्याच्या घाणीनं गावच्या पाझर तलावातले मासे मेले, एवढीच माहिती सोबत होती. एवढ्यावर पत्रक लिहायला मला अर्धा तास लागला. कंपनी म्हटली की मला अर्धा तास पुरतो.

मांजरसुंब्याला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ऑक्टोबर होता, पण शेतं एप्रिलची वाटत होती. सोयाबीन वीतभर वाढून तिथंच वाळलेलं. धाब्याच्या दारात पाण्याचा टँकर उभा, आणि धाबेवाला जेवणाच्या आधी विचारत होता, “बाटली घेणार का जगमधलं चालंल?” केजच्या बाजूला जाणारी जीप मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, चार सीट आली की निघू. आठ आली तरी तो निघाला नाही. अकराव्या माणसाला जागा करून देताना माझी पिशवी उलटली आणि ‘विष कोणी कालवलं’ सगळ्या जीपभर पसरलं.

शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी एक पत्रक उचलून सावकाश वाचलं.

“बाई, तुमी सरकारी का?”

“नाही.”

“मंग कावून (कशासाठी) छापलं एवढं?”

मी सांगितलं. कंपन्या नफा खातात आणि घाण गावाला देतात, वगैरे. हे मला पाठ आहे.

“ह्यात कंपनी लिवलंय,” आजोबा म्हणाले. “ती तर आमच्या बायांची संस्था हाय. मपली (माझी) सून रेखा मशिनीवर असती तिथं. तिलाच इचारा की, सकाळी विष कालवून मंग भाकरी करती का आधी भाकरी करती.”

जीप हसली. मी हसले नाही. संस्था सहकारी असली म्हणून विष गोड होत नाही, असं मी त्यांना सुनावलं.

“ते बी खरंच हाय,” आजोबा म्हणाले आणि पत्रक घडी करून फेट्यात खोचलं.

जीप डोंगराला लागली आणि मला पहिल्यांदा हिरवं दिसलं. खाली शेतं करपलेली आणि वर खडकाखडकातून सीताफळाची झाडं उभी, फळांनी लगडलेली. त्यांना कुणी पाणी घालत नाही, शेळी पानाला तोंड लावत नाही. दुष्काळात या डोंगराला येणारं हे एकच पीक. कारखाना म्हणजे वाडीच्या कडेला पत्र्याची लांब शेड. दारात बायका डाल्यांतली फळं निवडत होत्या. डोळा उघडला नसेल (फळाच्या खवल्यांमधली फट रुंदावली नसेल), ते फळ बाजूला. शेडमध्ये गर आणि बी वेगळं करणारं एक मशिन धडधडत होतं. एका टोकाला गार कपाटं होती, आणि या सगळ्याच्या अध्यक्ष कौसाक्का जमिनीवर बसून डब्यांची झाकणं पुसत होत्या.

मी त्यांच्या हातात सरळ पत्रक ठेवलं. मला पाठीमागून बोललेलं आवडत नाही. कौसाक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि ओठ हलवत ते शेवटपर्यंत वाचलं. आमचं पत्रक शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“फोटू आमच्याच तलावाचा हाय,” त्या म्हणाल्या. “पर तीन वर्सांखालचा. आन् वर इचारलंय कोणी कालवलं. आमी. लिवून टाका.”

मी नकाराची तयारी करून गेले होते. नकाराला माझ्याकडे सात उत्तरं होती. कबुलीला एकही नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, हे इथल्या प्रत्येक बाईला आजीपासून ठाऊक. डोळ्यात गेली तर डोळा जाईल, म्हणून पोरींना डोकं धुताना दटावतात. आणि त्याच बायांनी संस्थेच्या पहिल्या हंगामात पोत्यानं बी तलावाच्या काठाला नेऊन ओतलं. वरून ट्रॅक्टर गेले, बी भरडलं, एक अवकाळी सर आली आणि सगळं पाण्यात उतरलं.

“उवा मारायचं औषिद डोक्यात घालत व्हतो, पर डोक्यात शिरलं न्हाई,” कौसाक्का म्हणाल्या. “दोन दिस म्हशींनी पाण्याला तोंड लावलं न्हाई. गाव दारात आलतं, कुलूप घेऊन.”

त्यानंतर त्यांनी जे केलं ते दाखवायला त्या मला शेडच्या मागे घेऊन गेल्या. बी आता उन्हात वाळवून पोत्यात बंद होतं, आणि पूड करून फवारणीसाठी शेतकऱ्यांकडे जातं. धुण्याचं पाणी फुकट जात नाही. शेवटचं खंगाळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीचं पहिलं. अखेरीस जे उरतं ते वाळूच्या दोन खड्ड्यांतून एका सिमेंटच्या हौदात येतं आणि हौदातून तलावाकडे उतरतं. हौदात तलावातलेच बोटभर मासे होते आणि त्यांच्यात एक वीतभर लांब, काळपट, मिशीवाला.

“ह्ये सायेब,” कौसाक्कांनी ओळख करून दिली. “तपासणीचे खरे सायेब येणार म्हणून कागद आलता. वाट बघितली, कोणी आलं न्हाई. मंग आमी आमचे नेमले. सायबाची सही झाल्याबिगर थेंब खाली जात न्हाई. सायेब आजारी पडले की मशीन बंद. ठरावच हाय तसा.”

मी अनेक कंपन्यांची पर्यावरण धोरणं वाचली आहेत, चकचकीत कागदावर, झाडाच्या चित्रासकट. एकातही मासा आजारी पडला तर मशिन बंद असं लिहिलेलं नव्हतं.

रात्री त्यांच्याच घरी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लावलेली आमटी) खाल्ली. मी विचारलं, हे सगळं परवडतं का. कौसाक्का म्हणाल्या, “न्हाई परवडत.” हायवेला एक खाजगी मिल झाली आहे. ती बी वाळवत बसत नाही, पाणी गाळत बसत नाही, त्यामुळे तिचा गर स्वस्त. पुण्याची आइस्क्रीमवाली कंपनी दोघांकडून घेते. “उद्याला गाडी हाय. दुपारपस्तोर आमी भरून दिली, तर फुडल्या सालाची ऑर्डर आमची. न्हाई तर त्यांची. दुष्काळात वाडीला दुसरं काम न्हाई बघा.”

सकाळी पुण्याची गार गाडी आली, माल थंड ठेवून नेणारी. ड्रायव्हर सलीमभाई दर हंगामाला येणारे, घरच्यासारखे. “अक्का, बारा वाजता मी निघणार, चहा पाजा न पाजा,” असं म्हणत त्यांनी दार उघडलं. शेडमध्ये नुसते चमचे वाजत होते. मशिनवर रेखा होती, जीपमधल्या आजोबांची सून. मीही पदर खोचून फळं फोडायला बसले. चिकट, थंड गर कोपरापर्यंत आला आणि तासाभरात मी गाडी भरायच्या बाजूची होऊन गेले. मनात डबे मोजत होते.

अकराच्या सुमाराला हात धुवायला मागे गेले. हौदात मासे वर आले होते, सगळे, तोंडं उघडी टाकून. मोठा एका अंगावर कलला होता.

आता खरं सांगते. मी, विषाचं पत्रक छापून आणणारी, तिथं गप्प उभी राहिले. मनात आलं, अजून तासभरच. गाडी गेल्यावर सांगू. मासे कशानंही वर येतात, उन्हानंही येतात. ज्या सबबींवर मी गेली चार वर्षं लोकांना झोडपलं, त्या सगळ्या मला एका दमात सुचल्या. मग साहेबांनी कल्ला हलवला, अगदी हळू, आणि मला लाज वाटली.

“अक्का,” मी ओरडले, “साहेब.”

पुढचं फार झटपट झालं. कौसाक्कांनी आतून येताना मशिनचा खटका पाडला. धडधड थांबली. शेडमधल्या दोघींनी तलावाकडे उतरणाऱ्या नळीच्या तोंडात पोतं कोंबून वर माती लोटली. मासे झोळीनं काढून ड्रममध्ये टाकले, तेही प्यायच्या पाण्याच्या, आणि टँकर त्या दिवशी यायचा नव्हता. कुणी कुरकुर केली नाही. एकीनं फक्त म्हटलं, “आज सायेब बिसलेरी पेणार.”

रेखा मशिनपाशी उभी होती. “म्याच पातं आवळलं सकाळी,” ती म्हणाली. “गर बिगीबिगी यावा म्हणून. बी फुटत असंल, मला वाटलंच न्हाई.”

“कोणासाठी आवळलंस?” कौसाक्कांनी विचारलं.

“गाडीसाठी.”

“मंग तुझ्या एकटीचं न्हाई ते. आमी सगळ्याच आवर आवर करत व्हतो.” एवढं बोलून त्या गाडीकडे वळल्या. “सलीमभाई, आज सकाळचे डबे उतरवा. फुटल्या बीचा गर हाय. त्यो खड्ड्यात पुरायचा.”

सलीमभाई कपाळाला हात लावून उभे राहिले. “अक्का, चार मासे मेले तर काय हुतंय? मी केजच्या बाजारातून किलोभर आणून देतो.”

“आन् आमच्या म्हशी? त्या बी आणा मंग किलोवर.”

डबे उतरले. तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि वाडीची सगळी जनावरं त्यावर होती. कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. कौसाक्कांनी पुण्याच्या खरेदीवाल्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“अक्का, मला गाडी भरून पाहिजे,” तो म्हणाला. “मी वरती काय सांगू, मासे आजारी होते म्हणून?”

“सांगा, सायबानं सही केली न्हाई.”

तो हसला. माणूस वाईट नव्हता. “पुढच्या वर्षीचं बघू,” म्हणाला आणि फोन ठेवला. ‘बघू’ म्हणजे काय ते शेडमधल्या सगळ्यांना कळलं. रेखानं पातं सैल केलं आणि मशिन धुवायला घेतलं. पाणी बादलीत धरलं, जपून.

मी सलीमभाईंच्याच गाडीतून निघाले. गाडी अर्धी रिकामी होती, म्हणून ती आधी हायवेच्या मिलला थांबली. माल तयार होता. वीस मिनिटांत भरून झाला. मागच्या ओढ्यात ओल्या बियांचा काळा ढीग होता आणि ओढा तिथून खाली कुठल्यातरी दुसऱ्या वाडीकडे जात होता. मी बियांचं विचारलं तेव्हा फाटकावरचा माणूस म्हणाला, “कोण तुम्ही?”

मांजरसुंब्याला चहा घेताना मी सलीमभाईंना विचारलं, पुण्यात दोन्हीकडचा गर वेगळा ठेवतात का.

“वेगळा कावून? एकाच टाकीत जातो. कपावर चित्र एकच असतंय.”

मासे पाच मेले. साहेब वाचले. हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. ऑर्डरचं अजून काही कळलेलं नाही. संस्थेचं नाव लिहू का विचारलं तर कौसाक्का म्हणाल्या, “नाव नगा लिवू, जाहिरात व्हती. पाण्याचं लिवा.” म्हणून वाडीचं आणि संस्थेचं नाव इथं नाही. हे सगळं मी त्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. पुढच्या बाजूचा प्रश्न खोडला नाही, तो बरोबरच आहे. मी तो फक्त एकाच दारात विचारला होता. गावाला जबाबदार राहणं महाग पडतं, आणि ते महाग कोण पाडतं, तर जो कप उचलताना काही विचारत नाही तो. त्यात मीही होते. सीताफळाचं आइस्क्रीम मला फार आवडतं.

परवा आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. कप हातात घेतला आणि विचारलं, “साहेब जिवंत आहेत का?”

“कोणते साहेब?” दुकानदार म्हणाला.

मी पिशवी उघडली आणि एक पत्रक काढून पाठीकडून त्याच्यापुढे ठेवलं.