रोबोचं कोपर

हमीदा मुकादम यांनी मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा माझ्या दुकानातली कॅसेट बदलून आणि दुसऱ्यांदा सौद्यात मला जिंकू देऊन. पहिली फसवणूक मी केव्हाच माफ केली. दुसरी अजून घशात अडकलेली आहे.

मी मूळचा सावर्ड्याचा. सातवीनंतर शाळा सुटली. आंब्याच्या पेट्या उचलता उचलता दलाल झालो, दलालीत हात पोळल्यावर रत्नागिरीत व्हिडिओ लायब्ररी काढली. बाजारात सुर्वेला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं माझे शत्रूसुद्धा म्हणायचे. माणूस जन्माला यायचा होता हे खरंच. बाई राजिवड्याच्या मोहल्ल्यात ब्लाउज शिवत बसली होती.

हमीदाभाभींचा नवरा इब्राहिम मस्कतला एअरकंडिशनर दुरुस्त करायचा. दर दोन वर्षांनी चाळीस दिवसांच्या रजेवर यायचा आणि येताना एखादं यंत्र आणायचा. एका खेपेला त्याने व्हीसीआर आणला. पुढच्या खेपेला, बहुधा दुसरं काही न सुचल्यामुळे, पुन्हा व्हीसीआरच आणला. शेजारणी हसल्या. भाभींनी दोन्ही यंत्रं एका वायरीने जोडली, आणि माझी पीडा सुरू झाली.

अठ्ठ्याण्णव साली मी एक परदेशी सिनेमा आणला, हिंदीत आवाज भरलेला. त्याचं नाव घेऊन मी माझं तोंड खराब करणार नाही. कव्हरवर अंतराळयान, ज्वाळा आणि चार चंद्र होते. मुंबईच्या व्यापाऱ्याशी अर्धा दिवस भांडून मी तो मिळवला होता. आत गोष्ट अशी : एक माणूस यानातून दूरच्या ग्रहावर कामाला जातो. जाताना बायकोला सांगतो, खिडकीत दिवा लावून ठेव, मी येईन. मग तो तिकडे, ती इकडे. तिचा निरोप त्याला पोचायला वर्ष लागतं. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नव्हती. पण सुरुवातीची पंधरा मिनिटं एक जाड आवाजाचा बुवा विश्वाची उत्पत्ती समजावून सांगत बसतो. मग एक रोबो येतो. पत्र्याचा, पोटात दिवे लुकलुकणारा. कुणी रडायला लागलं की हा मध्ये घुसून पांचट विनोद करतो. आणि शेवटी माणूस घरी पोचतो न पोचतो तोच कळतं, की तो कुठे गेलाच नव्हता. सगळं स्वप्न होतं.

गिऱ्हाइकं कॅसेट तासाभरात परत आणून आपटायची. बँकेतले जोशी, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणाले, "सुर्वे, मी हा पूर्ण पंधरा मिनिटं बघितलाय. माझा सत्कार कधी ठेवताय?"

मग एक दिवस ती कॅसेट हमीदाभाभींनी नेली. दुसऱ्या दिवशी परत यायला हवी होती. पण भाभी माझ्या कॅसेटला ब्लाउजसारखंच वागवायच्या. विचारायला गेलं की म्हणायच्या, "शुक्रवारी न्या." कुठल्या शुक्रवारी ते कधी सांगायच्या नाहीत. तीन शुक्रवार गेले, चौथ्याला कॅसेट आली.

आणि चमत्कार झाला. ज्या सिनेमाला लोक शिव्या घालत होते तो लोक दोनदा न्यायला लागले. "सुर्वे, काय चीज आणलीत!" मला काहीच कळेना, पण स्तुती परत करायची सवय मला नाही. मी कॉलर ताठ करून सांगायचो, "पारखून आणतो मी. आंबा काय, सिनेमा काय." फक्त एक प्रश्न सगळे विचारायचे : शेवटी तो परत येतो की नाही? सिनेमा म्हणे बाई दिव्याशी उभी असतानाच संपतो. मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "ते आपण ओळखायचं असतं."

भांडं फोडलं ते देवरूखच्या एका प्राध्यापकांनी. त्यांनी सिनेमा कोल्हापूरला थिएटरात बघितला होता. ते काउंटरवर कॅसेट ठेवून म्हणाले, "यातला रोबो कुठे गेला?"

"कसला रोबो?" मी म्हटलं. तोवर मी तो सिनेमा दहा मिनिटांपलीकडे बघितलाच नव्हता.

दुपारी दुकान बंद करून मी सिनेमा लावला. बुवा नव्हता. रोबो नव्हता. स्वप्न नव्हतं. सव्वादोन तासांच्या मालातला पाऊण तास गायब! मी तसाच राजिवड्यात गेलो.

भाभी मशीनवर होत्या. तोंडात टाचण्या धरलेल्या.

"भाभी, माझा रोबो कुठाय?"

त्यांनी एकेक टाचणी काढून गादीत खोचली. मला वाटतं मुद्दाम सावकाश. "कपाटात हाय. चिंध्यांच्या पिशवीत."

खरोखरच होता. माझी मूळ कॅसेट लेसच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेली होती. मला दिलेली होती ती त्यांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर, नको ते गाळत, उतरवलेली.

"कुणाला विचारून कापलात?"

"आणि तुम्ही कुणाला विचारून विकत घेतलात? अवो सुर्वेशेट, कपडा बरा हाय. शिवणारा बेअक्कल. एवढ्या चांगल्या कपड्याला झालरी किती लावायच्या? मी काय नवीन घातलं नाय. फक्त उसवलं."

मी ओरडत होतो आणि त्या मला टीव्हीवर दाखवत होत्या. दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे पडद्यावर एक पट्टा थरथरतो. तो दिसू नये म्हणून त्यांनी प्रत्येक जोड आकाशाच्या काळोखात नेला होता. "शिवण काखेत लपवायची," त्या म्हणाल्या. "ह्या सिनेमाला काखा लय हायत." काही ठिकाणी रोबो दिसत नसला तरी त्याची बडबड ऐकू यायची. तिथे त्यांनी माइक लावून यानाच्या इंजिनाचा आवाज भरला होता. ते इंजिन म्हणजे त्यांचं पायाचं शिलाई मशीन. जोशी ज्या इंजिनाची तोंड भरून तारीफ करत होते ते माझ्यासमोर अर्धवट शिवलेल्या बाहीखाली उभं होतं.

माझा राग तोवर अर्धा उतरला होता. पण मी व्यापारी माणूस. मुद्दा सोडत नाही. "ते असू दे. शेवट कुठाय? लोक माणूस घरी आलेला बघायला कॅसेट नेतात. एका प्राध्यापकांनी सांगितला तो चार मिनिटांचा शेवट मला परत जोडून द्या."

"त्यात रोबो हाय."

"असू दे की!"

"अवो, बघा तरी." त्यांनी मूळ कॅसेट लावली. माणूस दार उघडतो, आणि काही क्षणांतच रोबो नवराबायकोच्या मध्ये उभा. तो तिला बघायला मान तिरकी करतो, हा विनोद सांगतो. ती पुढे येते, हा तिच्याशी हात मिळवतो. "सोळा वर्षं बाई दिव्याला तेल घालते," भाभी म्हणाल्या, "आणि हा मेला मध्ये! ह्यात साफ कपडा अकरा सेकंदांचा हाय. मी मोजलाय. तेवढा देते."

चार मिनिटांच्या जागी अकरा सेकंद! मी म्हटलं, सौदा करू. आंब्याच्या बाजारात आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचो, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. मला तोंडी सौदा जमतच नाही. पण परक्या बाईची बोटं कशी धरणार? भाभींनी गळ्यातली मापाची टेप काढली आणि एक टोक माझ्याकडे टाकलं. "एक इंच, एक सेकंद. तुमचा रुमाल घाला वर. धुतलेला हाय ना?"

मी चार मिनिटांचं माप शोधायला लागलो, तर टेप साठाला संपली. "माझ्याकडे साठच हायत," भाभी म्हणाल्या. सौदा सुरू व्हायच्या आधीच मी चारावरून एका मिनिटावर आलो होतो. मी साठावर नख रोवलं. त्यांनी अकरावर चिमटी धरली. मी पंचावन्न, त्या अकरा. मी पन्नास, त्या बारा. मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी मी चाळीसवर नख दाबलं आणि म्हटलं, "याखाली एक इंचही नाही."

भाभींचा हात टेपवर थांबला. मग म्हणाल्या, "चालतील. चाळिसाची मला सवय हाय."

मी जिंकलो. त्या दिवशी वाटेत बांगडे घेतले आणि घरी सांगितलं, भाभींना अकरावरून चाळीसवर आणलं.

पुढच्या शुक्रवारी, खरोखरच पुढच्या, कॅसेट मिळाली. माणूस आला, दार उघडलं, बायकोने दिवा सोडला. आणि अकराव्या सेकंदानंतर पडद्याच्या डाव्या कडेने पत्र्याचं एक कोपर आत आलं. ते तिथेच राहिलं. एकोणतीस सेकंद. नवराबायको एकमेकांकडे बघताहेत आणि मध्ये कोपर.

पाच वर्षं मी ती कॅसेट भाड्याने दिली. पाच वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाने एकच प्रश्न विचारला : "सुर्वे, शेवटी ते कोपर कुणाचं?" एक जण म्हणाला दाराची कडी आहे. एक म्हणाला नळ. जोशींनी तर सांगितलं, "शेजारी असणार. नवरा आला की शेजारी येतातच." मी भाभींकडे गेलो की त्या मान वर न करता विचारायच्या, "कोपर बरं हाय ना?"

"तेवढं कोपर काढून द्या, भाभी. सेकंद मात्र चाळीसच हवेत."

"ब्लाउज लांब पायजे आणि कपडा तेवढाच. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात."

मग दुकानांत सीडी आल्या, व्हीसीआर उतरणीला लागले, आणि एक दिवस भाभींनी सांगितलं की इब्राहिम येतोय. या वेळी रजेवर नाही, त्यांना घेऊन जायला. तिकडचे कागद झाले होते. "शनिवारी येतोय. तुम्ही शनिवारी येऊ नका."

आता मी काय करणार होतो? बाई मस्कतला गेली की कोपर जन्मभर माझ्या गळ्यात. मी शनिवारीच गेलो. दोन मिनिटांचं काम, म्हटलं. दारात एक पाय आत, एक बाहेर, काखेत कॅसेट. शेवटचं सांगतोय भाभी, असं म्हणतोय तोच मागे रिक्षा थांबली.

इब्राहिम उतरला. केस पिकलेले, हातात दोरीने बांधलेली बॅग. तो पायरीवर थांबला. आत भाभी मशीनवरून उठल्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो. "या या, इब्राहिमभाई! या खेपेला तिसरा व्हीसीआर आणला नाहीत ना?" आणि मोठ्याने हसलो. कुणी हसलं नाही. इब्राहिमने मान तिरकी करून माझ्या खांद्यावरून आत बघितलं. भाभींनी दुसऱ्या बाजूने मान तिरकी केली. मी हात मिळवायला हात पुढे केला.

"सुर्वे," आतून भाभींचा आवाज आला. शेट नाही, काही नाही. "कोपर काढा."

मी बाजूला झालो. इतका बाजूला झालो, की थेट दुकानात येऊन बसलो.

दीड महिन्याने ती दोघं गेली. स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो, लांब उभा राहून. गाडी सुटताना भाभींनी खिडकीतून एक पुडकं दिलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी उघडा." मी अर्थातच तिथेच उघडलं. आत एक कॅसेट होती आणि तिच्याभोवती मापाची टेप गुंडाळलेली. टेपवर अकराच्या खुणेशी लाल दोऱ्याचा एक टाका. कॅसेटच्या लेबलावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं : "माझी." खाली तारीख. आमचा सौदा झाला त्याच आठवड्यातली.

ती मी दुकान बंद करून बघितली. तोच सिनेमा. शेवटी दार उघडतं, जमिनीवर उजेड पडतो. त्याचे बूट. तिचा हात दिव्यावरून सुटतो. आणि काळोख. काळोखात यानाचं इंजिन अजून चालू असतं, मग हळू होतं, आणखी हळू, मशीनच्या पायटीवरून पाय काढल्यावर होतं तसं. आणि थांबतं. बास. कोपर नाही.

मी ती जोशींना दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सुर्वे, हे तुमच्याकडे होतं, आणि आम्हाला ते कोपर दाखवत होतात?"

म्हणून मी विचारतो. माल तयार होता. सौद्याच्या आठवड्यातच तयार होता. माझ्यासमोर एकदा लावला असता, तर मी चाळीस काय, चार सेकंदही वर मागितले नसते. मग मला का जिंकू दिलंत? पाच वर्षं माझ्या गिऱ्हाइकांना पत्रा का दाखवलात? रोज उठून "कोपर बरं हाय ना" म्हणताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? भाभी, मस्कतमध्ये असाल तिथून या. चाळीस दिवसांची रजा काढून या, इब्राहिमभाईंना घेऊन या. रुमाल धुऊन ठेवला आहे. टेप माझ्याकडे आहे. समोर बसा, अकरावर चिमटी धरा आणि मला याचं उत्तर द्या.