शालिनीच्या नावाचा पीपी कॉल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. इथे लोक लिहितात ते अनुभव मी जेवणं आटोपल्यावर चवीनं वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात "चल, काहीतरीच" म्हणून पुढे जाते. तुम्हीही मला तसंच म्हणा, माझी हरकत नाही... पण मागच्या महिन्यात मुलानं घरची जुनी फोनलाइन काढून इंटरनेटवरची घेतली. जोडणीला आलेला माणूस भिंतीवरची जुनी वायर उपटत होता आणि मला ती दुपार अशी आठवली, की हातातला चहा तसाच राहिला. म्हणून लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही आदिलाबादला, मावल्याच्या बाजूला राहायचो. ह्यांचं बियाणं-खतांचं दुकान, म्हणून घरी फोन होता. अख्ख्या गल्लीत एकच! काळा, जड, बिनडायलचा. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर नंबर विचारायचा आणि जोडून द्यायचा. माझी मोठी बहीण शालू तीन घरं सोडून राहायची. दोघी बहिणी एकाच गल्लीत पडल्या म्हणून लोकांना कोण कौतुक. कौतुक करणाऱ्यांचं काय जातं!

आमची आई भैंशाला, दादाकडे. दादाचं सरकी-ढेपेचं दुकान होतं, त्यामुळे तिथेही फोन होता. आमच्याकडे फोन लागल्यावर पहिलं वर्षभर आई मलाच फोन करायची. मग माझं बाळ गेलं. आठव्या महिन्यात झालं आणि दोन दिवसांत गेलं. त्यानंतर महिन्याभरानं आईचे फोन पुन्हा सुरू झाले... पण शालूच्या नावानं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, बुक करताना नुसता नंबर देता यायचा, नाहीतर माणसाचं नावही देता यायचं. नाव दिलं की तो पीपी कॉल. मग ऑपरेटर त्याच माणसाला बोलावणार, ते माणूस आल्याशिवाय लाइन देणारच नाही. आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालणार — "तीन मिनट हो गए, बढ़ाना है?"

तर दर बुधवारी दुपारी आमचा फोन वाजायचा आणि एक नाकातला आवाज म्हणायचा, "भैंसा से ट्रंक. पीपी है. शालिनीबाई को बुलाइए."

फोन माझा, घर माझं, आई माझी, आणि मी पदर खोचून तीन घरं पलीकडे बहिणीला बोलवायला जायचं! शालू हात पुसत यायची, माझ्याच खुर्चीवर बसायची आणि माझ्याकडे पाठ करून बोलायची. "हव... नाही... थोडंसंच... बरी हाय... नाही वं, तिले नाही सांगत."

तिले म्हणजे मले. एवढं तर मला कळत होतं.

"काय म्हणे आई?" मी विचारायची.

"काही नाही. असंच."

ते 'असंच' माझ्या काळजात सलायचं. लहानपणी शालू दुखणाईत म्हणून दुधावरची साय तिला, आणि आता तिला दोन मुलगे, माझी मांडी रिकामी, तर आईही तिलाच. मला सरळ वाटायचं, नांदत्या घरची लेक जवळची झाली आईला. माझ्याशी बोलायला तिला नको वाटतं. खोटं कशाला सांगू, शालूचा मला इतका हेवा वाटायचा की तिच्या मुलांना खाऊ देतानासुद्धा हात आखडायचा. एकदा तर ऑपरेटरला मी "नहीं हैं, बाहर गए" असं सांगून मोकळी झाले होते. शालू त्या वेळी अंगणात पापड वाळत घालत होती, मला खिडकीतून दिसत होती.

मग एका दिवाळीत आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी आणि शालू जाऊन आलो. आई डोळ्यांनी ओळखायची, पण तोंडातून शब्द नाही. बुधवारचे फोन संपले. मला रडू आलं नाही. मनात आलं, चला, आता शालूलाही नाही. असं मनात आलं म्हणून मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

संक्रांतीनंतर आमच्याकडे ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं. काळा फोन गेला, बटणांचा आला. थेट एसटीडी! आता मध्ये ऑपरेटर नाही, नावाची भानगड नाही, जो उचलेल त्याचा फोन. लाइनमन समजावून सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, हे दोन वर्षं आधी यायला काय झालं होतं?

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. दुपारचे साडेतीन असतील. चहासाठी दूध तापत ठेवलं होतं, घरात मी एकटीच. फोन वाजला. उचलला तर खरखर... आणि मग तोच नाकातला आवाज.

"भैंसा से ट्रंक. पीपी है. शालिनीबाई हैं?"

ऑपरेटर आता नसतो, हे मला आठवायला हवं होतं. आईला बोलता येत नाही, हे तर आठवायलाच हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गेलं — नवा फोन आला, तरी शालिनीच! इतका संताप आला की म्हटलं, "हव, शालिनीच बोलून राह्यली."

"बात कीजिए."

"शालू?"

आईचा आवाज. स्वच्छ. जीभ जड नाही, काही नाही. तेव्हा कुठे मला भान आलं आणि मी भिंत धरली.

"शालू, मंदी जवळ त नाही ना?"

मंदी म्हणजे मी. मी म्हटलं, "नाही."

"आता रातची झोपते का ती?"

मी झोपत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडायची, ह्यांनासुद्धा पत्ता नव्हता. "झोपते," मी म्हटलं.

"तिले इचारलं त म्हणते बरी हाओ. लहानपणापासून तशीच हाय ते पोरगी, पायात काटा गेला तरी सांगत नाही. म्हून तुले इचाराव लागते, बाई. एकदा तरी रडली का ती?"

"नाही."

"रडाले पायजे होतं वं तिनं." मग नुसती खरखर. "अन् ते टोपरं तुह्याच पेटीत हाय ना? पिवळं? तिच्या नजरी पडू देऊ नको. मी शिवत बसली होती तवाच खबर आली... एका बाजूचा बंद लावाचा राहूनच गेला."

माझ्या बाळासाठी आईनं टोपरं शिवलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"तीन मिनट हो गए, बढ़ाना है?"

"बढ़ाइए!" मी ओरडले. "आई! आई, मी शालू नाही वं, मी मंदी बोलून राह्यली, मंदी—"

पुढे नुसता डायल टोन. स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास येत होता.

मी गॅस बंद केला आणि अनवाणी शालूकडे गेले. ती तांदूळ निवडत होती.

"माह्यं टोपरं दे," मी म्हटलं.

तिच्या हातातलं सूप कलंडलं. "तुले कोणं सांगितलं?"

"आईनं. आता. फोनवर."

"आई बोलते कुठी मंदे..." ती म्हणाली, पण उठली. पेटीच्या तळाशी, मुलांच्या जुन्या स्वेटरांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. पिवळं. बंद एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला सुईची भोकंसुद्धा नव्हती.

मी तिथेच, तिच्या तांदळात बसले आणि रडले. पोटातून, आवाज करून. बाळ गेल्यावर पहिल्यांदाच.

शालूनं मला उठवलं नाही. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "दर बुधवारी तुह्यंच इचारे ती. जेवते का, हासते का, कोनाशी बोलते का. माह्या पोरांचं नावसुद्धा नाही काढे. नाव माह्यं, अन् बोलनं सारं तुह्यं... मले किती राग ये तुह्या, तुले काय सांगू!"

घ्या! मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आणि हे, बसनं भैंशाला गेलो. दादा आमच्याकडे बघतच राहिला. त्यांच्याकडेही नव्या एक्स्चेंजचं काम चालू होतं, फोन आठवडाभर बंद होता. बंद म्हणजे कसा? टेलिफोनवाल्यांनी जुना फोन काढून नेलेला, भिंतीतून दोन उघड्या वायरी लोंबत होत्या. आई मागच्या खोलीत खाटेवर. दिवाळीपासून एक शब्द नाही. ह्यांनी परत आल्यावर टेलिफोन ऑफिसात चौकशी केली, तर कळलं की तो नाकातला आवाज असलेला ऑपरेटर संक्रांतीच्या आधीच बदली होऊन गेला होता.

ह्यांचं म्हणणं, तुला डुलकी लागली असेल आणि टोपऱ्याचं कधीतरी तुझ्या कानावर पडलं असेल. असेलही. पण दूध उतू जाऊन करपेपर्यंत मी उभ्यानं झोपले? आणि बंदाचं काय? टोपऱ्याचं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, एका बंदाचं तर शालूलाही ठाऊक नव्हतं. आईनं पाठवलेली ती पुडी तिनं आल्यापासून उघडलीच नव्हती.

पण मला छळतं ते हे नाही. शेवटची ती ओळ आईनं ऐकली की नाही, ते छळतं.

भैंशाला त्या दिवशी सगळे बाहेर चहा घेत होते तेव्हा मी आईजवळ बसले. तिचा चांगला हात हातात घेतला आणि कानाशी जाऊन म्हटलं, "आई, फोनवर शालू नव्हती वं. मी होती. मी झोपत नाही, मी खोटं सांगितलं. पन आता रडली मी. ऐकलं का तू?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. आता, लकव्यात तोंड एका बाजूला ओढलं जातंच, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. ती हसली, की नुसतंच तोंड ओढलं गेलं... मला आजही सांगता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली, न बोलताच. त्यानंतर वर्षभरानं मला मुलगा झाला. बारशाला तेच टोपरं घातलं, दुसरा बंद शालूनं लावला.

तो फोन कुठून आला होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांत कुणी दिलंही नाही.

मागच्या महिन्यात त्या इंटरनेटवाल्या माणसानं सगळं जोडून झाल्यावर खिशातला मोबाइल काढून आमच्या नव्या लाइनवर फोन लावला. तो माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "हॅलो, मंदा बोलते."

"मालूम है आंटी," तो हसला. "टेस्टिंग है."

म्हटलं, बाबा, माहीत असलं तरी फोनवर आपलं नाव आधी सांगावं.