उलटे मास्तर

उलटे मास्तर गाडी शिकवायला बसले की पहिले पंधरा दिवस ती पुढे नेऊच देत नसत. चावी फिरवायची, मागचा गिअर टाकायचा आणि मान वळवून अधारतालच्या आमच्या गल्लीतून मागे मागे जायचं. गल्लीच्या तोंडाशी पोचलं की उतरायचं. गाडी परत घरापर्यंत पुढे आणायचं काम मास्तर स्वतः करत. "पुढे जाणं काय, म्हशीलापण येते," ते म्हणत. "मागे जाता आलं तो ड्रायव्हर."

त्यांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं. हिंदी शेजारी त्यांना उल्टे मास्टरजी म्हणत, आम्ही तीन-चार मराठी घरं उलटे मास्तर म्हणायचो, आणि दोन्ही नावांना ते ओ देत. जन्मभर ट्रक चालवून ते घरी बसले, पण बसवेना, म्हणून एक जुनी पांढरी गाडी घेऊन त्यांनी शिकवणं सुरू केलं. केस पिकलेले, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, आणि शर्टाच्या खिशात कागद इतके की खिसा पिशवीसारखा लोंबायचा.

पण सरकारच्या लेखी ते मास्तर नव्हतेच. गाडी शिकवणारा माणूस दहावी पास पाहिजे असा नियम आहे, आणि मास्तरांची शाळा सातवीत सुटलेली. साठी उलटल्यावर त्यांनी दहावीचा फॉर्म भरला. नातवाच्या वयाच्या मुलांत बसून पेपर दिले. गणितात पास झाले, हिंदीत झाले, आणि नागरिकशास्त्रात गेले. त्यात एक प्रश्न होता की चौकात लाल दिवा लागल्यावर वाहनचालक काय करतो. मास्तरांनी लिहिलं, आधी हवालदार आहे का बघतो. हे सांगताना ते अजूनही रागवायचे. "काय करतो, हे विचारलं होतं. काय करायला पाहिजे, असं विचारलं असतं तर तेही लिहिलं असतं."

मग पाटीवर नाव लागलं सुधावहिनींचं, म्हणजे त्यांच्या सुनेचं. त्या एम.ए. झालेल्या, रीतसर परवाना असलेल्या, आणि गाडी चालवायचा मनापासून कंटाळा असलेल्या. कागदावर शिकवणाऱ्या त्या असल्यामुळे त्यांना गाडीत बसणं भाग होतं. त्या मागच्या सीटवर बसत आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून मांडीवर ताट घेऊन मटार सोलत. शहपुऱ्याचा मटार आला की ताट काठोकाठ भरलेलं असे. शिकणाऱ्याने ब्रेक हिसका देऊन लावला की दाणे टपटप खाली पडत. मास्तर मागे न बघता विचारत, "किती?" वहिनी सांगत, "नऊ." त्यावर त्या दिवसाचा निकाल ठरे. मटाराचा मोसम संपला की हरभरे यायचे, पण मास्तरांचं म्हणणं होतं की हरभऱ्याने खरी परीक्षा होत नाही, तो कमी घरंगळतो.

मी त्यांच्याकडे गेले नाही, तेच आमच्याकडे आले. आमचे हे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे, पिवळ्या नंबरप्लेटची. घर त्या व्हॅनवरच चालायचं. यांच्या परवान्याची मुदत संपली, नव्याने करायला डॉक्टरांकडे गेले, तर डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सही केली नाही, आणि खरं म्हणजे ते बरोबरच होतं. व्हॅन अंगणात उभी राहिली. हे दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसायचे. विकायचं नाव काढलं की जेवणावरून उठायचे. काही दिवसांनी मी तिच्या टपावर पापड वाळत घालू लागले, कारण अंगणात दुसरीकडे ऊनच यायचं नाही.

मास्तरांनी कुंपणापलीकडून ते पापड पाहिले. आत आले, एक कच्चाच तोंडात टाकला आणि म्हणाले, "पापड काढून घे, बेटा. उद्यापासून मागे जायचं."

परक्या माणसासमोर माझा आवाज गळ्यातच राहतो. मास्तर परके नव्हते, तरी मी हळूच सांगितलं की मी चौथी शिकलेली. धंद्याच्या गाडीच्या परवान्याला आठवी पास लागते, हे मला यांच्यामुळे ठाऊक होतं. मास्तरांनी खिशातून घडी घालून घालून फाटायला आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी सावकाश वाचलं. आठवीची अट सरकारने काढून टाकली होती.

"तुझी आठवी गेली," मास्तर म्हणाले. "माझी दहावी काही जाऊन नाही राहिली. पण तुझी तर गेली न."

आधी साधा परवाना, मग वर्षभर थांबून धंद्याचा, असं करायचं होतं. साधा मिळाला. त्या वर्षभरात मास्तरांनी मला महाराजपुरापर्यंतचा रस्ता पाठ करून दिला, बराचसा उलटा. मला सगळं जमायला लागलं, एक सोडून. मी हॉर्न वाजवत नसे. समोर म्हशी आल्या की त्या जाईपर्यंत थांबायची. माणसं आली की गाडीतल्या गाडीत म्हणायची, "जरा बाजूला होता का?" काचा बंद असायच्या. मागे सुधावहिनी हसू दाबायच्या, ते मला आरशात दिसायचं.

मास्तर मात्र हसले नाहीत. "तू काहून लाजून राहिली?" त्यांनी विचारलं. "तो आवाज तुझा नाही. गाडीचा आहे. तिला बोलू दे." मी मान हलवली आणि पुढच्या म्हशीपाशी पुन्हा थांबले.

वर्ष सरलं. धंद्याच्या परवान्याच्या परीक्षेला आम्ही सगळे गेलो, हेसुद्धा. मैदानात खांब रोवून वळणावळणाची वाट केलेली होती. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं, खांबाला लागायचं नाही आणि मध्ये थांबायचं नाही. माझ्या आधी मास्तरांचाच एक शिकाऊ होता. त्याने परीक्षा संपवून गाडी बाहेरच्या टोकाशी सोडली. मी तिथेच तिच्यात बसले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी हातात चहा घेऊन सांगितलं, "चलिए मैडम, शुरू कीजिए." त्यांच्या मनात होतं की मी गाडी फिरवून सुरुवातीच्या टोकाला नेईन. माझ्या हाताने मात्र त्याला जे शिकवलं होतं तेच केलं. मी मागचा गिअर टाकला, मान वळवली आणि बाहेर पडायच्या वाटेनेच आत शिरले.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. कोणीतरी ओरडत होतं, पण मला वाटलं दुसऱ्या कोणाला. तिसऱ्या वळणावर बघते तर वाटेच्या मधोमध उलटे मास्तर उभे. माझ्याकडे पाठ, हात मागे बांधलेले, आभाळ बघून राहिलेले. थांबले असते तर नापास. न थांबले तर मास्तर. बाजूला हे उभे होते, डोळे बारीक करून, काही दिसतं का ते बघत. मी हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. मास्तर वासरासारखे उडी मारून बाजूला झाले. मैदानातले सगळे वळून बघू लागले. मी सुरुवातीच्या टोकातून बाहेर पडले तेव्हा एकही खांब हलला नव्हता.

साहेब चालत आले. चहा त्यांच्या हातातच राहिला होता. "मैडम, आपको आगे चलाना आता भी है कि नहीं?"

आणि मी, जी दुकानदाराशीसुद्धा खाली बघून बोलते, ती म्हणाले, "आता है सर. वो तो भैंस को भी आता है."

साहेब इतके हसले की चहा सांडला. त्यांनी मला तीच वाट पुढे चालवायला लावली, मग भर रस्त्यावर नेलं, आणि मगच सही केली. परवान्याचं कार्ड हातात आलं तेव्हा यांना त्यावरची अक्षरं नीट दिसत नव्हती. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले की पापड आता कुठे वाळवणार.

मी मास्तरांना नंतर विचारलं की तुम्ही वाटेत का उभे राहिलात. ते म्हणाले, "ऐकू नाही येत बेटा आता." धावत्या गाडीत मागे पडलेला मटाराचा दाणा ज्यांना ऐकू यायचा, ते हे सांगत होते.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. आजारपण वगैरे काही नाही, सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच गेले. शववाहिनी आली, आमच्या व्हॅनएवढीच. मास्तरांना आत ठेवलं, हार घातले, आणि गाडी अडली. गल्ली अरुंद, पुढे वाट बंद, वळवायला जागा नाही. ड्रायव्हर नवीन होता. तो दोनदा मागे आला आणि दोनदा भिंतीला टेकला. सगळे पुरुष एकदम हात दाखवून त्याला सांगू लागले, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. गाडी हिसके खात होती आणि प्रत्येक हिसक्याला मास्तर आत हलत होते.

बायका दारात उभ्या होत्या. सुधावहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे.

मी पायरी उतरले. त्या गर्दीतून ड्रायव्हरपाशी गेले आणि म्हणाले, "भैया, मैं निकाल देती हूँ." तो म्हणाला की दीदी, ये कमर्शियल गाड़ी है, इसका अलग लाइसेंस लगता है. मी मोबाइलच्या कव्हरमधून कार्ड काढून त्याला दाखवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि खाली उतरला.

मागचा गिअर टाकला, मान वळवली. मागच्या काचेतून गल्ली दिसायच्या आधी मास्तर दिसत होते, त्यांच्या पलीकडे रस्ता. लोक अजून वाटेतच उभे होते. मी हॉर्नवर हात ठेवला. सगळे भिंतीला चिकटले. मग मी त्यांना पूर्ण गल्लीभर मागे मागे नेलं, विजेच्या खांबाजवळून, पाण्याच्या टाकीजवळून, ज्या वाटेवर त्यांनी मला रोज नेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि उतरले. पुढे न्यायचं काम ड्रायव्हरने केलं.

सुधावहिनी तिथपर्यंत चालत आल्या होत्या. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एक दाणा नसता सांडला."