दादाचा उजवा गुडघा

मॅचच्या दिवशी खेळाडूला ‘दुखतंय का’ असं विचारायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. विचारलं की दुखणं जागं होतं, असं मोठे काका म्हणत. का, ते विचारायचीही सोय नव्हती. काका स्वतः कॅरमपलीकडे कधी काही खेळले नाहीत, हे आपलं सहज सांगते.

माझा थोरला भाऊ, दादा, इंदूरच्या एका मिलच्या कबड्डी संघात अकरा वर्षं कोपरा सांभाळायचा. चढाईवाला आला की त्याचा घोटा धरायचा आणि दम तुटेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच त्याचं काम. आता मध्यभारत हे राज्यही गेलं आणि तो संघही मोडला. पण घरी कोणी चहाला आलं की कपाटातून एक कपडा ओढावा आणि सगळा ढीग अंगावर यावा, तसे त्याचे किस्से निघतात.

*

मिलमध्ये नोकरीला गेला तेव्हा मॅनेजरनं विचारलं, “क्या काम आता है?”

“पकड़ता हूँ, साब.”

“दिखाओ.”

दादा खाली बसला आणि त्यानं साहेबांचा घोटा धरला. साहेबांनी टेबलाचा आधार घेऊन दोनदा जोर लावून पाहिला.

“कल से आ जाओ,” ते म्हणाले. “पहले पैर छोड़ो.”

*

अकरा वर्षांत त्याला चढाईला एकदाच पाठवलं. एरवीचे चढाईवाले बाद होऊन बसले होते. दादा ‘कबड्डी कबड्डी’ करत रेषेपलीकडे गेला, समोर एक पाय दिसला आणि सवयीनं त्यानं तो घट्ट धरला. स्वतःचाच दम तुटेपर्यंत धरून बसला.

परत आल्यावर म्हणाला, “पण सुटला नाही ना तो?”

*

पेपरात नावं यायची ती चढाईवाल्यांची. एकदा मात्र छापून आलं, ‘शेवटी एका खेळाडूने उत्तम पकड केली.’ दादानं ते कात्रण पाकिटात ठेवलं आणि राजवाड्यापाशी ओळखीचं कोणी भेटलं की दाखवायचा.

“यात तुझं नाव कुठंय?” मी विचारलं.

“हे काय. एक खेळाडू.”

*

इंदूरजवळच्या बेटमा गावातल्या मॅचला पंचानं शिट्टी वाजवली तरी दादा सोडेना. खाली पडलेला चढाईवाला शेवटी म्हणाला, “भिया, मैं आउट हो गया. अब घर तो जाने दो.”

सगळे हसले. दादाही हसला. तो उठत का नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. उजवा गुडघा दुसऱ्यांदा निखळला होता. इंदूरला डॉक्टर म्हणाले, “आणखी एकदा गेला, तर हा पाय जन्मभर वाकणार नाही.” काका म्हणाले, “डॉक्टर असंच बोलतात.”

*

दोन महिन्यांनी फायनल होती. सकाळीच संघाचे प्रमुख तात्या आणखी एका जुन्या खेळाडूला घेऊन घरी आले. काकांनी त्यांना चहा दिला. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. कॉलेजात प्रथमोपचार शिकल्यापासून दादाच्या गुडघ्याला पट्टी मीच बांधायचे.

“चल कुसुम, घट्ट बांध,” तात्या म्हणाले. “दोन डावांचाच तर प्रश्न आहे.”

दादानं पाय स्टुलावर ठेवला. मी पट्टी घेऊन समोर बसले.

“दादा, दुखतंय का?”

“कुसुम,” काका म्हणाले.

दादानं गुडघ्यावर हात ठेवला. “रात्रभर झोपलो नाही,” तो म्हणाला.

“अगं, फायनलला सगळ्यांचंच दुखतं,” तात्या म्हणाले. “बांध तू.”

“मी नाही बांधणार.”

“मग आम्ही बांधू.”

मी पट्टी तात्यांच्या मांडीवर ठेवली. “बांधा. पण उद्यापासून याला जिना चढवायला रोज यायचं, तेही तुम्हीच.”

तात्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी त्या जुन्या खेळाडूकडे.

दादानं दोन्ही हातांनी धरून पाय हळूच स्टुलावरून खाली घेतला.